रिंगखालचा राखणदार

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एखादं पोरगं आठवीतच सहा फुटांच्या घरात गेलं, की त्याच्या भवितव्याचा निकाल गल्लीतली माणसं परस्पर लावून टाकतात. आजोबा म्हणतात, तालमीत घाला. मामा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीत उंचीची चिंता नाही. शाळेतले पीटी सर त्याला व्हॉलीबॉलच्या नेटजवळ उभं करतात. आणि शाळेत बास्केटबॉलचं कोर्ट असलंच, तर त्याला रिंगखाली नेऊन सांगितलं जातं, ‘तू इथनं हलू नको. हात वर कर. कोण आलं की अडव.’

बहुतेकांचं बचावाचं शिक्षण इथं सुरू होतं आणि इथंच संपतं.

मग आंतरशालेय सामना येतो. समोरच्या संघातला जेमतेम साडेपाच फुटांचा, पण पारा असल्यासारखा मुलगा ड्रिबल करत आत घुसतो. डावा खांदा टाकतो, उजवीकडून निघून जातो. उंच पोरगं एक पाऊल उशिरा वळतं आणि ती चूक झाकायला वरून हात मारतं. शिट्टी. दोन फ्री थ्रो. असं पाच वेळा झालं, की नियमाप्रमाणे पोरगं बाहेर. बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेल्या त्या सव्वासहा फुटांकडे बघून कुणीतरी म्हणतंच, ‘नुसता ताडासारखा वाढलाय.’

हे पोरगं पुढे चांगला बचावपटू होऊ शकतं का, हा प्रश्न फक्त शाळेच्या कोर्टावरचा नाही. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्येही दरवर्षी एकोणीस-वीस वर्षांचे सात फुटी तरुण येतात, पहिल्या दोन-तीन हंगामांत त्यांची धांदल उडते आणि संघमालकांपासून प्रेक्षकांपर्यंत सगळे हाच प्रश्न विचारतात. उत्तर बरंचसं आशादायक आहे. मात्र त्याआधी रिंगखालचं काम नेमकं काय असतं ते बघावं लागेल, कारण लांबून दिसतं त्याहून ते निराळं आहे.

बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे बरोबर दहा फुटांवर. या दहा फुटांमागे कुठलं शास्त्र नाही. १८९१च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफिल्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता, इतकंच. पण त्या कठड्याने खेळाचं एक पक्कं करून टाकलं. सगळ्यात सोपी बास्केट रिंगच्या अगदी जवळून होते, म्हणून सगळ्यात मोलाची जागाही तीच. ती राखायला उंच माणूस हवा, हे कुणालाही सुचेल.

लोकांच्या डोळ्यांत भरतो तो ब्लॉक. उडी मारून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेतच थोपटून लावला, की टाळ्या पडतात. प्रत्यक्षात अख्ख्या सामन्यात दोन-तीन ब्लॉक मिळाले तरी तो एनबीएतला अव्वल राखणदार ठरतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, हे त्याच्या हातांपेक्षा त्याच्या पायांकडे बघितलं तर कळतं.

एकच चाल घ्या. वरच्या बाजूला समोरच्या संघाच्या गार्डकडे, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूकडे, चेंडू आहे. त्याचा उंच साथीदार पळत वर येतो आणि आपल्या गार्डच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. याला ‘स्क्रीन’ म्हणतात. आपला गार्ड त्या खांबाला धडकतो, क्षणभर मागे पडतो. आता चेंडूवाला मोकळा सुटलाय, तो खांब झालेला साथीदारही रिंगकडे धावायला लागलाय आणि दोघांच्या मध्ये आपलं उंच पोरगं एकटं उभं आहे.

त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. पुढे सरसावून चेंडूवाल्याला रोखावं, तर पाठीमागे रिंग उघडी पडते. मागे सरकत रिंग राखावी, तर चेंडूवाल्याला निवांत नेम धरायला मिळतो. आपल्या गार्डशी माणूस बदलून घ्यावा, तर सव्वासहा फुटांच्या पोराला पुढचे काही सेकंद त्या चपळ मुलामागे नाचावं लागतं. निवड करायला मिळतो तो एखादा सेकंद. शिवाय हे सगळं करताना तोंड चालू हवं. ‘स्क्रीन डावीकडून’, ‘मी आहे’, ‘बदल’ असं ओरडून त्याने साथीदारांना सावध करायचं असतं, कारण सगळ्यांत मागे तोच उभा असतो आणि पूर्ण कोर्ट फक्त त्यालाच दिसतं. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी ती जागा आहे. मुका यष्टिरक्षक कुठल्याच कर्णधाराला परवडत नाही, तसंच इथंही.

शाळेच्या पातळीवर हे शिकवलं जात नाही, त्याला नियमांचाही थोडा हात आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय, म्हणजे फिबाचे नियम चालतात. त्यांत बचाव करणाऱ्याला रिंगखाली हवा तेवढा वेळ उभं राहता येतं. एनबीएत तसं चालत नाही. तिथं कुणालाही न अडवता रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबलं तर दंड होतो. म्हणून आपल्या सरांनी उंच पोराला रिंगखाली पुरून ठेवणं नियमात बसतं आणि तालुक्याचा सामना त्यावर जिंकताही येतो. राज्य पातळीवर मात्र ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून तीन गुणांचे नेम मारणारी पोरं भेटतात. रिंगखालून न हललेल्या मुलाला तिथंवर जाण्याची सवयच नसते. वर्षानुवर्षं घोटवलेली ‘हलू नको’ ही शिकवण एका दुपारीत अंगाशी येते.

उंच मुलं उशिरा का फुलतात, याचं पहिलं कारण शरीरात आहे. मुलांची वाढ साधारण तेरा ते पंधरा या वयात झपाट्याने होते. त्यातल्या ऐन वर्षात उंची नऊ-दहा सेंटीमीटरने वाढू शकते. आधी पावलं आणि पाय लांबतात, धड मागून येतं. हाडांच्या वेगाला स्नायू लगेच पुरे पडत नाहीत. काल ज्या पायांचा अंदाज होता, ते आज दुसऱ्याचेच असल्यासारखे वाटतात. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला सूज येऊन दुखणं हेही उड्या मारणाऱ्या मुलांत या वयात नेहमीचं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. अशा वेळी उड्या कमी करायच्या असतात. ‘रग जिरव’ म्हणून आणखी पळवलं, तर पोरगं दुखण्याला कंटाळून खेळच सोडतं.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण शिकवणाऱ्यांनी जपून ठेवावं असं आहे. अँथनी डेव्हिस हा शिकागोचा मुलगा शाळेत बराच काळ गार्ड होता, साधारण सहा फूट दोन इंचांचा. मग जेमतेम दीड वर्षात तो आठ इंचांच्या आसपास वाढला. शरीर सेंटरचं, म्हणजे रिंगखालच्या उंच खेळाडूचं झालं, पण पाय गार्डचेच राहिले. पुढे एनबीएत त्याने तीन हंगामांत ब्लॉकच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. त्याला जे अपघाताने मिळालं, ते बाकीच्यांना ठरवून देता येतं. उंच मुलालाही बुटक्या मुलांचेच पायांचे सराव करायला लावायचे, बस्स.

दुसरं कारण हातांत आहे. तरुण उंच खेळाडू फाउलमध्ये बुडतो. पाय उशिरा पोहोचले की हात लवकर सुटतात, आणि वरून खाली येणारा हात पंचाला हमखास दिसतो. जॅरेन जॅक्सन ज्युनिअर २०१८ साली एकोणिसाव्या वर्षी मेम्फिसच्या संघात आला, तेव्हा त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच होती. गडी गुणी, पण फाउलमुळे सारखा बाकावर. त्याला शिकायचं होतं ते ऐकायला सोपं आहे. छाती समोरच्यासमोर ठेवायची, हात सरळ आकाशाकडे न्यायचे आणि उडी जागच्या जागी उभी मारायची. आपल्या शरीराच्या सरळ वरची हवा ही नियमानं आपलीच असते. समोरचा त्या हवेत येऊन धडकला, तर फाउल आपला नाही. हे अंगात मुरायला जॅक्सनला काही हंगाम गेले. २०२२ आणि २०२३ या दोन्ही हंगामांत त्याने प्रत्येक सामन्यामागे सर्वाधिक ब्लॉक केले आणि २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

त्या वर्षीच्या मतमोजणीत पहिल्या तिघांची वयं बघण्यासारखी आहेत. पहिला जॅक्सन, २३ वर्षांचा. तिसरा क्लीव्हलंडचा इव्हान मोबली, २१ वर्षांचा, ज्याने २०२५ मध्ये हाच किताब मिळवला. आणि दोघांच्या मध्ये दुसरा आला तो मिलवॉकीचा ब्रूक लोपेझ, वय वर्षं ३५.

लोपेझची गोष्ट जास्त बोलकी. २००८ मध्ये तो लीगमध्ये आला तेव्हापासून त्याची ओळख गुण मिळवणारा सेंटर अशी होती. सात फुटी, जड आणि संथ. बचावाबद्दल त्याचं कुणी फारसं कौतुक केलं नाही. तिशी गाठताना, २०१८ मध्ये, तो मिलवॉकीला गेला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला नाचायला लावलं नाही. स्क्रीन लागली की मागे सरकायचं, चेंडूवाला आणि रिंग यांच्यामध्ये राहायचं, हात वर ठेवायचे आणि घाई करायची नाही, एवढंच एक काम त्याला नेमून दिलं. संथपणा या कामात आड येत नव्हता. उलट समोरच्याची चाल आधी ओळखणारी दहा वर्षांची नजर कामी आली. २०२१ मध्ये मिलवॉकीने विजेतेपद मिळवलं, तेव्हा रिंगखाली लोपेझच होता.

आता घराकडे येऊ. बचाव म्हणजे काय, हे सीमाभागाला समजावून सांगण्याची खरं तर गरज नाही. येळ्ळूरच्या यात्रेतलं कुस्ती मैदान असो की बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा, पहिल्या दिवशी तालमीत गेलेल्या पोराला वस्ताद आधी पवित्रा शिकवतात. गुडघे वाकलेले, कंबर खाली, वजन चवड्यांवर, हात पुढे, नजर समोरच्याच्या कमरेवर. समोरचा पट काढायला घुसला की पाय मागे फेकायचे. कुठल्याही देशातला बास्केटबॉल प्रशिक्षक बचावाचा पहिला धडा म्हणून जी उभं राहण्याची पद्धत शिकवतो, ती हीच. उंच मुलाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचे सरळ गुडघे आणि ते वाकवायला जोर-बैठकांइतका स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.

कबड्डी तर आणखी जवळची. कोपरारक्षक चढाईपटूच्या पायांकडे बघत अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे करत असतो. मध्यरक्षक त्याच्याशी साखळीने बांधलेला असतो. एक हलला की दुसऱ्याने हलायचं, नाहीतर पकड सुटते. बास्केटबॉलमधल्या पाच जणांच्या बचावाचं गणित हेच आहे. बेळगावपासून जवळ असलेल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई प्रो कबड्डीत ‘बाहुबली’ म्हणून गाजला. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी एक कोटी ४५ लाख रुपये मोजले. तो चढाईपटू. धिप्पाड गडी म्हणजे चढाईचाच, हे समीकरण मात्र इराणच्या मोहम्मदरेझा शादलूने साफ मोडून टाकलं. दोन कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणमध्ये आलेला हा डावा कोपरारक्षक मार्च २०२४ मध्ये विजेतेपद घेऊनच थांबला, तेव्हा त्याचं वय पंचविशीच्या आतलं होतं.

पण कबड्डीत वजनाला कुंपण आहे. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलो, मुलांच्या गटांत त्याहून कमी. साडेसहा फुटांचं, चांगलं खाणारं पोरगं या कुंपणाबाहेर सहज पडतं. चपळ असलं, पकडीची समज असली, तरी वजनकाटा त्याला बाहेर काढतो. बास्केटबॉलला उंचीचीही मर्यादा नाही आणि वजनाचीही. कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्या अशा मुलांसाठी हा खेळ म्हणजे शेजारचंच घर आहे.

हे घर बदलून दाखवणारा खेळाडू भारताला मिळालाही. अमृतपाल सिंग, अमृतसर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला, सहा फूट दहा इंचांचा. लहानपणापासून कबड्डी खेळणारा. बास्केटबॉल त्याने नीट हातात घेतला तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे बाकीची मुलं राष्ट्रीय शिबिरं करून मोकळी होतात त्या वयात. लुधियाना बास्केटबॉल अकादमीत प्रशिक्षक एस. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली उंच मुलांची एक पिढीच तयार होत होती. सतनाम सिंग, अमज्योत सिंग ही नावं तिथलीच. अमृतपाल त्यांत सर्वांत उशिरा आलेल्यांपैकी, तरी काही वर्षांतच तो भारताच्या पहिल्या पाचांतला सेंटर झाला.

कबड्डीतून येणाऱ्याची एक अडचण असते. पाय तयार असतात, रेटारेटीची भीती नसते, पण हाताला पकडण्याची सवय असते आणि बास्केटबॉलमध्ये पकडलं की फाउल. म्हणजे अर्धं शिकायचं आणि अर्धं विसरायचं. अमृतपालने दोन्ही केलं. जुलै २०१४ मध्ये वूहानला झालेल्या फिबा आशिया चषकात भारताने यजमान चीनला ६५-५८ असं हरवलं. बास्केटबॉलमध्ये भारताने चीनला हरवण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकन प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग यांच्या त्या संघात रिंगखाली अमृतपाल आणि अमज्योत होते. आशियातल्या बलाढ्य संघाला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर साठीच्या आत रोखणं हे बचावाचं काम होतं. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या लीगमधल्या सिडनी किंग्जने अमृतपालशी करार केला.

याच अकादमीतून निघालेल्या सतनामची गोष्ट मात्र दुसऱ्या वळणाने गेली आणि ती सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

सात फूट दोन इंचांचा सतनाम बरनाळा जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, तो फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. जून २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. वर्तमानपत्रांची पहिली पानं भरली. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. डॅलसच्या दुय्यम संघातच दोन हंगाम गेले, आणि पुढे तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला.

मेहनतीत तो कमी पडला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्या पायाखालचा खेळच बदलत होता. निवड झाली त्याच महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सने एनबीएचं विजेतेपद मिळवलं, आणि तेही कसं? अंतिम मालिकेच्या मध्यावर त्यांनी आपल्या सात फुटी सेंटरला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि सहा फूट सहा इंचांच्या ड्रेमंड ग्रीनला रिंगखाली आणलं. ग्रीन कुणाच्याही मागे धावू शकत होता, कोर्टच्या टोकापर्यंत जाऊन परत येऊ शकत होता. दोन वर्षांनी तोच सर्वोत्तम बचावपटू ठरला. ज्या काळात उंच माणसाला रिंगपासून सात मीटर बाहेर ओढून पळवलं जात होतं, त्या काळात सतनामसारख्या जड शरीराच्या मुलाला उभं राहायला जागाच उरली नाही. लोपेझला मिळाली तशी दहा वर्षांची मुदत त्याला कुणी दिली नाही. त्याच्या हातात लोपेझइतकं गुण मिळवण्याचं नाणंही नव्हतं, ज्याच्या जोरावर बचाव शिकेपर्यंत संघात टिकता आलं असतं.

मुदत हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या राखणदारांच्या सुरुवाती चाळल्या, तर बहुतेक ठिकाणी कुणाचा तरी धीर आढळतो. फ्रान्सच्या रूडी गोबेरला २०१३ मध्ये २७व्या क्रमांकावर घेतलं गेलं. पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे सरासरी दहा मिनिटंही मिळाली नाहीत, अधूनमधून दुय्यम लीगमध्ये पाठवलं गेलं. त्याच गोबेरने पुढे चार वेळा सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. चार वेळा हा मान मिळवणारे त्याच्याआधी दोघेच. एक बेन वॉलेस, ज्याला १९९६ मध्ये एकाही संघाने निवडलं नव्हतं. दुसरा काँगोचा डिकेम्बे मुटोंबो, जो डॉक्टर व्हायचं म्हणून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेला होता. ब्लॉकच्या सार्वकालिक यादीत मुटोंबो दुसरा, ३,२८९ ब्लॉकसह. पहिला नायजेरियाचा हकीम ओलाजुवान, ३,८३०. ओलाजुवान लागोसमध्ये हँडबॉल खेळत होता, फुटबॉलमध्ये गोल राखत होता. बास्केटबॉल त्याच्या हाती आला तो किशोरवयात. त्याच्या पायांची जादू फुटबॉलच्या मैदानावरून आली, असं तो स्वतःही सांगत आला आहे.

मोजदाद ठेवली जाण्याआधीच्या काळातला राजा म्हणजे बिल रसेल. एनबीएत ब्लॉक अधिकृतपणे मोजले जाऊ लागले ते १९७३-७४च्या हंगामापासून, आणि रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं. शाळेत असताना त्याला संघातून वगळण्याचं घाटत होतं, एका प्रशिक्षकाने ठेवून घेतला म्हणून तो टिकला. रसेल चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. तो हलकेच बोट लावून चेंडू आपल्याच साथीदाराकडे वळवायचा, म्हणजे समोरच्याची बास्केटही वाचली आणि आपली चढाईही सुरू झाली. ताकदीपेक्षा डोक्याने केलेला बचाव कसा असतो, याचा तो नमुना.

एवढ्या उदाहरणांतून काय शिकता येतं आणि काय नाही, हे वेगळं काढता येतं. फाउल टाळणं, गुडघे वाकवून उभं राहणं, बोलणं, स्क्रीन ओळखणं, रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला चेंडू मिळवण्यासाठी, पाठीने माणूस रोखून धरणं, हे सगळं शिकता येतं आणि पंचविशीपर्यंत सुधारत जातं. आडवं सरकण्याचा वेग मर्यादेतच वाढतो. ज्याचा तो अगदीच कमी आहे, त्याला लोपेझसारखं मागे राहून राखण्याचं काम द्यावं लागतं. भिडण्याची इच्छा मात्र बाहेरून घालता येत नाही. ती सोळाव्या वर्षी दिसते, रिबाउंडला कोण तुटून पडतं ते बघितलं की पुरे.

सीमाभागात यात एक खास अडचण आहे. निपाणी कर्नाटकात. तिथल्या शाळेतली पोरं चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यातून कर्नाटकच्या शालेय स्पर्धा खेळतात. दहावी झाली, की निपाणीला लागूनच असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज खुणावतं, आणि ते महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. तिकडे गेलेला मुलगा पुढे शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धांत उतरतो. त्याच गल्लीतला, पीयूसी करून बेळगावला गेलेला मित्र २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून खेळतो. राज्य, स्पर्धा, संघ, प्रशिक्षक सगळं ऐन सोळाव्या-सतराव्या वर्षी बदलतं. गार्डला याचा फारसा फटका बसत नाही, चेंडू घेऊन तो कुठेही स्वतःला दाखवू शकतो. उंच पोराला मात्र सलग पाच-सहा वर्षं एका नजरेखाली राहण्याची गरज असते. नव्या ठिकाणी नवे सर पुन्हा उंची बघतात आणि पुन्हा रिंगखाली उभं करतात.

यावरचे काही उपाय बिनखर्चाचे आहेत. कोर्टवर चुन्याने दोन रेघा मारा. उंच मुलाच्या दोन्ही हातांत पाठीमागे एक टॉवेल द्या आणि समोर संघातला सर्वांत चपळ मुलगा उभा करा. तो डावीकडे गेला की याने डावीकडे सरकायचं, उजवीकडे गेला की उजवीकडे, छाती त्याच्यासमोरून हलू द्यायची नाही. हात बांधलेले असल्यामुळे पायांना पळवाट राहत नाही. दुसरा सराव तालमीतल्यासारखाच. जमिनीवर एक वर्तुळ, मध्ये चेंडू. एकाने पाठ लावून दुसऱ्याला पाच सेकंद वर्तुळाबाहेर रोखायचं. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. आणि सामन्यात त्याला पाचवा फाउल झाला, तर पुढच्या सामन्यात पुन्हा पहिल्या पाचांत घ्या.

पीटी सरांनी आणि पालकांनी हे वर्ष-दोन वर्षं करून बघावं, मगच ताडाच्या झाडाची उपमा द्यावी. अमृतपाल सिंगने बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा तो अठराच्या पुढे होता. निपाणीच्या शाळेत दहावीत शिकणारं ते उंच पोरगं आज सोळाचं आहे.